खुंटीवरचं गाडगं

भय्यासाहेब देवपुजारी आयुष्यभर फॅक्टरीत विजेच्या कामावर होते. कुठल्या शेडमध्ये कुठला फ्यूज उडाला तर रात्री-अपरात्री यांनाच उठवायला माणूस यायचा. अशा माणसाच्या घरात आज वीज नाही, आणि मी समोरच्या घरातून रोज संध्याकाळी त्यांचा कंदील पेटताना बघते आणि चिडते. कोणावर चिडायचं ते ठरत नाही, म्हणून बरेचदा त्यांच्यावरच चिडते.

जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यातली आमची गल्ली इतकी अरुंद आहे की त्यांच्या गॅलरीतून माझ्या गॅलरीत वाटी देता येते. मागच्या वर्षीच्या पावसाळ्यात त्यांच्या इमारतीच्या जिन्यातला मीटरबोर्ड जळाला. मालकाला इमारत रिकामी हवी होती, त्याला हे बरंच झालं. तो सही देईना, सहीशिवाय नवा मीटर मिळेना. बाकीचे भाडेकरू एकेक करून निघून गेले. भय्यासाहेब निघू शकले नाहीत, कारण विनतावहिनी तेव्हा अंथरुणाला खिळल्या होत्या. नंतर निघायचं कारणच उरलं नाही.

त्या दोघांच्या संसाराची सुरुवात भंडाऱ्याहून निघालेल्या गाडीनं झाली. गोंदियाला उतरून, छोट्या लाइनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या गाडीत बसून नवी नवरी जबलपूरला आली तेव्हा तिच्या मांडीवर पितळेचा एक कडीचा डबा होता. सासरच्या बायकांना वाटलं दागिने असतील. उघडला तर आत विरजण! आईच्या घरचं. सासूबाईंना राग आला, आमच्याकडे काय दही लागत नाही का, म्हणून. पण पुढं त्यांच्या हयातीतच घरात वहिनींचं दही सुरू झालं, ते शेवटपर्यंत. मी शाळेत मराठी शिकवायची. वहिनींना एकदा म्हटलं, आपल्याकडे एखाद्याच्या उत्साहावर विरजण पडलं म्हणतात, म्हणजे विरस झाला. त्या लाटणं हातात धरून माझ्याकडे बघत राहिल्या. "काहून जी? विरजण पडल्याशिवाय दुधाचं काही होते का?"

त्यांच्याकडून मीही कितीदा विरजण नेलं. जितक्यांदा आणलं तितक्यांदा माझ्याकडे ते मेलं. कधी मी फ्रीजच्या मागच्या कोपऱ्यात विसरले, कधी दूध फार तापलेलं असताना घातलं. आता मी दुकानातला प्लास्टिकचा डबा आणते, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही. माझे गुडघे दुखतात.

त्यांच्या मुलाबद्दलही सांगायला हवं. विपुल. चांगला मुलगा आहे, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं ऐकताना तुम्हाला त्याचा राग येईल. शाळा हिंदी, मित्र हिंदी, नोकरी इंदूरला, बायको तिकडचीच. मराठी त्याला सगळी समजते असं त्याला वाटतं. लहानपणी नागपूरच्या मावशीला त्यानं सांगितलं होतं, "मी खूप चेष्टा केली मावशी, पण गणित जमलंच नाही." हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. मावशीनं त्याला असा धारेवर धरला की बिचारा त्यानंतर मराठी बोलायलाच कचरायला लागला. आई मराठीत बोलायची, हा हिंदीत उत्तर द्यायचा, आणि दोघांचं छान चालायचं. तो सुट्टी संपवून निघाला की वहिनी त्याच्या उजव्या हातावर चमचाभर दही ठेवायच्या, वर चिमूटभर साखर. दही खाऊन निघालेला माणूस परत येतो, असं त्या मानत. चाळिशी ओलांडलेला विपुलही जिन्याच्या तोंडाशी बॅग खाली ठेवून मुकाट्यानं हात पुढं करायचा.

मीटर जळाल्यावर फ्रीज बंद पडला. त्यात आता भय्यासाहेब कांदे ठेवतात. आणि त्याच दिवसांत विरजणाचा प्रश्न उभा राहिला. फ्रीज असला की विरजण आठवडाभर पडून राहिलं तरी चालतं. नसला की ते रोज नव्या दुधात घालावं लागतं. उन्हाळ्यात एक दिवस चुकवला तर आंबून त्याला वास सुटतो, मग ते फेकायचंच. वहिनींना उठता येत नव्हतं. ज्या माणसानं जन्मात चहा केला नव्हता त्याला त्या पलंगावरून दही लावायला शिकवायला लागल्या. मी समोरून ऐकायची.

"आधी करंगळी बुडवा. सोसते का?"

"सोसते."

"चांगली सोसते का कशीबशी सोसते?"

"विनता, आता करंगळीचं मीटर कुठून आणू?"

"कशीबशी सोसली पाहिजे. हिवाळ्यात कशीबशी, उन्हाळ्यात आरामात. आता विरजण गाडग्याला आतून चोळा. सगळीकडून. अंगाला उटणं लावल्यासारखं. मग वरून धार धरा."

थंडीत ते गाडगं शालीत गुंडाळून गव्हाच्या कोठीत पुरायचं. वैशाखात परातीत ओली वाळू घालून त्यात बसवायचं आणि ओलं फडकं टाकायचं. लागलं की चमचाभर दही दुसऱ्या छोट्या गाडग्यात काढायचं, तोंडाला धुवट पांढरं फडकं बांधायचं आणि ते स्वयंपाकघरातल्या खुंटीला टांगायचं, म्हणजे मुंग्या लागत नाहीत. ते उद्याचं विरजण. छोटी गाडगी दोन होती. एक खुंटीवर, दुसरं गच्चीवर उन्हात पालथं. विजेच्या कामावरचा माणूस, त्यामुळे क्रम एकदा कळला की चुकायचा नाही. वहिनी दिवाळीनंतर गेल्या. त्या दिवशीसुद्धा, लोक खाली तिरडी बांधत असताना, भय्यासाहेब स्वयंपाकघरात गेले आणि दूध तापवून विरजण लावून आले. नातेवाईक एकमेकांकडे बघत राहिले. मला तेव्हा कळलं की हे प्रकरण आता थांबणार नाही.

गंमत म्हणजे भय्यासाहेबांना दही आवडत नाही. आंबट काही खाल्लं की त्यांना खोकला होतो. रोज लीटरभर दूध घ्यायचं, दही लावायचं, चमचाभर काढून ठेवायचं आणि बाकीचं सगळं गॅलरीतून मला द्यायचं. वर्षभर त्यांच्या घरचं दही मी खाल्लं. कढी केली, धपाट्यांबरोबर खाल्लं, मोलकरणीला दिलं. मी एकदा स्पष्ट म्हटलं, "भय्यासाहेब, ते विरजण माझ्या फ्रीजमध्ये ठेवा. फोन माझ्याकडे चार्ज करता, मग विरजणानं काय पाप केलं? रोजचा त्रास कशाला?"

"ती म्हणायची, फ्रीजमध्ये ते झोपते."

"झोपू द्या की."

"ते झोपलं तर मग मीही झोपून राहीन, दीपाताई." हसत म्हणाले. सकाळी उठायला त्यांच्याकडे तेवढं एकच काम होतं. आमच्या गल्लीत एवढी माणसं आहेत, भय्यासाहेबांवाचून कोणाचं काहीही अडत नव्हतं. फक्त त्या गाडग्याचं अडत होतं.

यंदा वहिनींच्या वर्षश्राद्धाला विपुल आला. मी श्राद्ध आटोपल्यावर बहिणीकडे कटनीला गेले. जाताना त्यांची दह्याची वाटी घासूनपुसून ओट्यावर पालथी घालून गेले. मी ही गोष्ट मुद्दाम सांगते आहे, कारण पुढं सगळं कळल्यावर मी सगळ्यात आधी धावले ती त्या वाटीकडे.

मी गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी भय्यासाहेबांना थंडी भरून ताप आला आणि श्वास लागला. विपुलनं त्यांना ऑटोत घालून दवाखान्यात नेलं आणि भरती केलं. नर्सनं दातांची कवळी काढून डबीत ठेवली, तोंडावर वाफेचा मास्क लावला. संध्याकाळी त्यांना एकदम आठवलं. सकाळी चमचाभर काढून खुंटीला टांगलं होतं, बाकीचं मी नाही म्हणून माझ्या मोलकरणीला देऊन टाकलं होतं. खुंटीवरचं उद्या दुधात पडलं नाही तर गेलं. मी गावात नव्हते. त्यांनी मास्क बाजूला केला आणि पोराला जवळ बोलावलं.

"स्वयंपाकघरात खुंटीवर गाडगं आहे," ते म्हणाले. "तुझ्या आईचं आहे ते. उद्या सकाळी दूध घे आणि विरजण कर. विसरू नको. उद्याच. नाही तर सगळं संपलं."

तोंडात दात नाहीत, मध्येच खोकल्याची उबळ. विरजण हा शब्द अर्धा घशातच राहिला. विपुलच्या कानानं तो आपल्या परीनं पुरा करून घेतला. आईचं गाडगं, खुंटीला टांगलेलं, पांढऱ्या फडक्यानं तोंड बांधलेलं. वहिनी गेल्या तेव्हा घरात बोलणं झालं होतं की थोड्या अस्थी ठेवाव्या आणि रामटेकला अंबाळ्याच्या तलावात सोडाव्या. वहिनींचे भाऊ त्या आठवड्यातच घेऊन गेले होते, पण विपुल तोवर इंदूरला परतला होता, त्याला ते कळलंच नव्हतं. वडिलांनी वर्षभर अस्थी घरातच ठेवल्या, ही कल्पना त्याला जबर लागली असणार. विसर्जन कर, असं बाबा म्हणाले. उद्याच, नाही तर सगळं संपलं, असं म्हणाले. म्हणजे बाबांना स्वतःच्या जिवाचाही भरवसा वाटत नाही. पोरगा रात्रभर बाकावर बसून रडला असं नर्सनं मला सांगितलं.

पहाटे त्यानं अंघोळ केली आणि घरी आला. त्या स्वयंपाकघराला खिडकी नाही. दिवसा दुपारीही तिथं दिवा लागतो आणि दिवा तर वर्षापूर्वीच गेलेला. मोबाइलच्या उजेडात त्यानं खुंटी शोधली, गाडग्याला नमस्कार केला, झेंडूची माळ घातली. डेअरीतून दूध घेतलं आणि ग्वारीघाटला गेला. नावेतून मधोमध नेऊन, गुरुजींकडून मंत्र म्हणवून, त्यानं ते गाडगं फडक्यासकट नर्मदेत सोडलं आणि वर दूध ओतलं.

मी त्याच दिवशी दुपारी परतले. भय्यासाहेब दवाखान्यात आहेत कळल्यावर मऊ भाताचा डबा घेऊन तशीच गेले. मी दारातून आत शिरतेय तोवर विपुलही आला. केस ओले, कपाळाला गंध, चेहरा असा शांत की मला बरं वाटलं. तो वडिलांच्या उशाशी बसला आणि त्यानं त्यांचा हात हातात घेतला.

"बाबा, हो गया. अच्छे से किया. बीच धार में. दूध भी चढ़ाया, आपने कहा था ना."

भय्यासाहेबांनी कवळी लावली होती. त्यांनी विचारलं, "काय चढवलं?"

"दूध. नर्मदाजी को. गाडगं थोडं ओलं वाटलं, पण मी उघडलं नाही, बाबा. खोलते नहीं हैं ना. आईला असं... मतलब, तिला आता शांती मिळेल."

मला क्षणभर काहीच उलगडलं नाही. भय्यासाहेबांना उलगडलं. मी त्यांचा चेहरा बघत होते. त्यांच्या बायकोला नेलं त्या दिवशीही तो असा झाला नव्हता, कारण त्या दिवशी त्यांना घरी जाऊन काहीतरी करायचं होतं. ते बराच वेळ पोराच्या ओल्या केसांकडे बघत राहिले. मग त्यांनी दुसरा हात उचलून त्याच्या डोक्यावर ठेवला.

"चांगलं केलंस बेटा," ते म्हणाले.

विपुल औषधं आणायला खाली गेला तेव्हा त्यांनी मला सगळं सांगितलं. मला इतका संताप आला की डबा हातातून पडायचा राहिला. "मी त्याला सांगते. चांगलं खडसावून सांगते. दह्याचा वास येत नाही का माणसाला?"

"त्याला सर्दी झाली आहे."

"म्हणून काय झालं?"

"दीपाताई, त्याला काही सांगायचं नाही. माझी शपथ. आईच्या शेवटच्या वेळी तो पोचला नव्हता. आज त्याला वाटून राहिलं की आपल्या हातानं आईचं काही झालं. वाटू द्या."

मी घरी धावले. वाटी पालथी होती, लख्ख, मीच घासलेली. फ्रीजमध्ये येताना घेतलेला दुकानातला डबा. मोलकरणीला फोन केला, तिच्याकडचं कधीच खाऊन झालं होतं. मग भंडाऱ्याला वहिनींच्या भावाला लावला. त्याच आईच्या घरचं विरजण, तिथं तरी असेल. भाऊ हसले. "ताई, आता कोण लावते घरी? आमच्याकडे पाकीट येते सकाळी." मी त्यांना काय झालं ते सांगितलंच नाही. ज्यांच्या-ज्यांच्या घरी वीज आहे, फ्रीज आहे, त्या एकाही घरात ते टिकलं नव्हतं. टिकलं होतं ते अंधारात, दही न आवडणाऱ्या माणसाकडे, आणि आता तिथंही नव्हतं.

भय्यासाहेब घरी आले. अजून एक आशा त्यांना होती, ती त्यांनी विपुल झोपल्यावर दुपारी मला गॅलरीतून हळूच सांगितली. गच्चीवरचं दुसरं गाडगं. मातीच्या अंगात दही मुरलेलं असतं, वहिनी म्हणायच्या. त्यांनी दूध तापवलं, करंगळी बुडवली, ते कोरडं गाडगं आतून नुसत्या बोटांनी चोळलं, जणू काही लावतायत, आणि धार धरली. शालीत गुंडाळून गव्हात पुरलं. विपुलनं विचारलं तर म्हणाले, दही लावून राहिलो. सकाळी त्यांनी गाडगं गॅलरीत आणून मला दाखवलं. वर पिवळट पाणी, खाली फाटलेल्या गाठी, आणि नासक्या दुधाचा वास. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं की थंडीमुळे असेल, उद्या पुन्हा बघा. त्यांनी मान हलवली. ज्याला वायर जिवंत आहे की मेलेली ते हात न लावता कळायचं, त्याला मी काय समजावणार? त्यांनी ते मोरीत ओतलं आणि गाडगं पुन्हा गच्चीवर नेऊन ठेवलं नाही.

काल विपुल निघाला. त्यानं वडिलांना इंदूरला चला म्हणून खूप विनवलं. ते नाही म्हणाले. पूर्वी नाही म्हणायला त्यांच्याकडे कारण होतं, काल ते नुसतंच नाही म्हणाले. मी निरोप द्यायला गेले होते. जाताना पदराआड माझ्या फ्रीजमधलं वाटीभर दही नेलं होतं. भय्यासाहेबांनी ते बघितलं आणि डोळ्यांनीच नको म्हणून सांगितलं.

जिन्याच्या तोंडाशी विपुलनं बॅग खाली ठेवली आणि सवयीनं उजवा हात पुढं केला.

भय्यासाहेब आत गेले. डबे उघडल्याचा आवाज आला. बाहेर येऊन त्यांनी त्या हातावर चमचाभर साखर ठेवली, नुसती.

"दही नहीं है, बाबा?"

"विरजण नव्हतं," ते बोलून गेले.

विपुल हातावरच्या साखरेकडे बघत होता. त्यानं तो शब्द ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून पाहिला. शाळेत मुलं नवा शब्द म्हणतात तसा.

"विरजण... मतलब?"

भय्यासाहेबांनी चमचा या हातातून त्या हातात घेतला. मी मराठीची शिक्षिका, शब्दाचा अर्थ माझ्या जिभेवर होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी एका विद्यार्थ्याला उत्तर दिलं नाही.

"काही नाही रे," ते म्हणाले. "तुझ्या आईचा शब्द होता एक."

विपुलनं मान डोलावली. साखर तोंडात टाकली, वडिलांच्या पाया पडला, माझ्या पाया पडला आणि अंधाऱ्या जिन्यातून भिंतीला हात लावत उतरला. ऑटो गल्लीच्या तोंडाशी उभी होती. ती गेल्याचा आवाज आम्ही दोघांनी ऐकला.

तेवढ्यात खालून दूधवाल्यानं हाक मारली. भय्यासाहेब कठड्यावरून वाकले.

"भैया, आज से पाव भर ही देना," ते म्हणाले. "सिर्फ़ चाय के लिए."